मुठीत दांडी धरून थायरॉइड कळत नाही

"रक्तात लोह असतं, म्हणून चुंबकीय सेन्सरला सुई न टोचता सगळे आजार कळतात. याच तंत्राला नोबेल मिळालंय, मोबाइलातही हाच सेन्सर असतो. लॅबवाले सांगणार नाहीत!" आठवडाभर हा मजकूर सांगलीत फिरतोय. परवा तासगावकडची मावशी एका शिबिरातून नऊ पानी रंगीत रिपोर्ट घेऊन आली. दोन मिनिटं मुठीत दांडी धरली आणि किडनी, लिव्हर, थायरॉइड सगळं छापून हातात. मी विश्रामबागेतल्या एका लॅबमध्ये मशीन चालवतो, म्हणजे न सांगणाऱ्यांतलाच. तेव्हा सांगतोच.

आधी लोह. मोठ्या माणसाच्या अंगात ते साधारण ३ ते ४ ग्रॅम असतं, बरंचसं हिमोग्लोबिनमध्ये. पण ते खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. हिमोग्लोबिननं ऑक्सिजन धरला की चुंबक त्याला उलट किंचित दूर ढकलतो, सोडला की किंचित ओढतो. पॉलिंग आणि कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी हे १९३६ सालीच दाखवलं. एमआरआयचं १.५ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून जास्त असतं. त्यात माणूस अर्धा तास पडून राहतो, रक्त आपल्या वाटेनं वाहत राहतं.

गंमत म्हणजे खऱ्या चुंबकीय चाचणीला रक्ताचा हा थंडपणाच पथ्यावर पडतो. नमुन्याला स्वतःचं चुंबकत्व जवळजवळ नाही, त्यामुळे आपण बाहेरून घातलेले कण तेवढे उठून दिसतात. नमुना लाल असो की गढूळ, प्रकाशावर चालणाऱ्या चाचणीइतका अडथळा येत नाही. हे कण लोहाच्या ऑक्साइडचे, गाभा दहा-वीस नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). सेन्सरवर चिकटवलेली अँटिबॉडी रक्तातलं नेमकं एक प्रथिन पकडते, दुसरी अँटिबॉडी कण घेऊन त्याच्यावर बसते. जितकं प्रथिन, तितके कण, तितका सेन्सरचा विद्युत रोध बदलतो. म्हणजे ओळख पटवते अँटिबॉडी, सेन्सर नुसते कण मोजतो. थायरॉइडसाठी मोजतात त्या टीएसएचला वेगळी अँटिबॉडी लागते, हार्ट अटॅकमध्ये वाढणाऱ्या ट्रोपोनिनला वेगळी. मावशीच्या दांडीत कुठली होती?

आणि अंतराचं काय? कणाचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. अंतर दहापट झालं की क्षेत्र हजारावा हिस्सा. चाचणीत कण सेन्सरपासून शंभरेक नॅनोमीटरवर असतो. तळहाताची कातडी मिलिमीटरभर धरली तरी अंतर दहा हजार पट झालं. क्षेत्र किती पटींनी कमी? एकावर बारा शून्यं. त्यात मावशीच्या अंगात कण सोडलेच कुणी नव्हते.

नोबेलची गोष्ट खरी आहे, पण दुसऱ्याच कामाची. अतिपातळ धातूच्या थरांचा रोध चुंबकीय क्षेत्रात खूप बदलतो, हे फर्ट आणि ग्रुनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञांना १९८८ च्या सुमारास सापडलं. २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठी. त्यातून आधी हार्ड डिस्क वाचणारी हेड्स आली, कण मोजायला तोच गुण पुढे वापरला गेला. मोबाइलातला सेन्सर होकायंत्रासाठी असतो, लोखंडी कपाटाजवळ नेला तरी बिचारा दिशा चुकतो.

राहिलं लपवणं. आमच्या थायरॉइडच्या किटमध्ये चुंबकीय कणच असतात! तपकिरी, चहाच्या गाळासारखे तळाशी बसतात. मशीनला लावण्याआधी बाटली हळूहळू उलटीसुलटी करावी लागते, जोरात हलवली की फेस येतो आणि दिवस वाया. मशीनमध्ये बाजूनं चुंबक लागतो, कण नळीच्या भिंतीला चिकटतात, बाकीचं धुऊन जातं. मोजणी मात्र इथे प्रकाशानं होते, चुंबकाचं काम धरून ठेवण्यापुरतं. कोरोनात विषाणूचं आरएनए (त्याचा जनुकीय पदार्थ) वेगळं काढणाऱ्या बऱ्याच किटमध्येही असेच कण होते.

मावशीला मी एवढंच विचारलं, दांडी देण्याआधी त्यांनी काय विचारलं? वय, उंची, वजन. मग काकांना त्याच शिबिरात पाठवलं, मावशीचंच वय-वजन सांगायला लावून. त्यांच्या रिपोर्टात गर्भाशयाचं पान निघालं. मावशीचं रक्त काल काढलंय, टीएसएच संध्याकाळी येईल.