कुत्र्याआधी एनओसी पाळा

पाच आठवडे! एक कुत्रा घरी आणायला पाच आठवडे, आणि अजून तो आलेला नाही. तोही गावठी, कानाला नसबंदीचा चिरा असलेला, ज्याला दुसरं कुणी विचारतही नाही.

आधी मी शेल्टरवाल्यांवरच चिडले होते. फॉर्म म्हणजे स्थळ बघायला आल्यासारखा. माणसं किती, पगार किती, कुत्रा किती तास एकटा राहणार, उद्या मूल झालं तर याचं काय करणार. मग व्हिडिओ कॉलवर खिडक्यांचं ग्रिल दाखवा. पण तिथल्या बाई म्हणाल्या, "लोक हौसेनं नेतात आणि पावसाळ्यात चिखलाचे पाय घरभर उमटले की परत आणून देतात." यावर काय बोलणार? विचारा बाई, हवं ते विचारा.

पण शेवटच्या पानावर होतं: सोसायटीची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र.

घरमालक हसले. "कुत्रा काय, हत्ती पाळा, भाडं एक तारखेला आलं पाहिजे." सेक्रेटरीकाकांनी मात्र विचारलं, "जात कुठली?" (कुत्र्याची. निदान मी तरी तसंच समजले.) "गावठी? मग कमिटीपुढे ठेवावं लागेल. असली कुत्री चावतात हो." तेवढ्यात ए विंगचं परदेशी शित्झू कुत्रं लिफ्टमधून उतरलं, माझ्या पायावर भुंकलं, आणि काका त्याला म्हणतात, "ये रे राजा!" या राजाची एनओसी कुणी बघितली होती?

आणि हेच काका! गेल्या पावसाळ्यात मी गेटबाहेरच्या लंगड्या कुत्र्याला दूधभात घालायचे. एकदा टॅक्सीत घालून मुलुंडहून परळच्या जनावरांच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेऊन आणलं त्याला. तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर रोज एकच मेसेज: "एवढा पुळका आहे तर घरी न्या ना!" आता घरी नेतेय तर म्हणे कमिटी.

मी कागदच छापून नेला. केंद्राच्या ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५चं परिपत्रक. त्यात स्वच्छ लिहिलंय: बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्टचे वेगळे पैसेही घेता येत नाहीत. काकांनी चष्मा पुसला. "हे दिल्लीचे नियम. आपले बायलॉज वेगळे." अहो, सजीव प्राण्यांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे कर्तव्य घटनेच्या ५१-क मध्ये लिहिलंय. तीही दिल्लीचीच म्हणून सोडून द्यायची का?

शेल्टरला फोन केला. परवानगी लागतच नाही तर तुम्ही मागता कशाला? "कायदा आम्हालाही ठाऊक आहे हो," बाई म्हणाल्या, "पण जिन्यात रोज भांडणं झाली की कुत्रं आठवड्यात परत येतं. आम्ही तेच बघत बसतो." म्हणजे जी परवानगी लागतच नाही, तिचा कागद न देऊन सोसायटी मला अडवू शकते. वा!

मीटिंग आता गणपतीनंतर. कोरम झाला तर. त्याच्यासाठी आणलेल्या स्टीलच्या वाडग्यात सध्या कांदे ठेवलेत.