चारशे बारानंतर चौदाशे दोन

माहिती साठवणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये टेबल तयार करताना पहिल्या कॉलमपुढे ‘आयडेंटिटी’, म्हणजे प्रत्येक नव्या नोंदीला आपोआप पुढचा क्रमांक, असे लिहायचे, एकापासून सुरुवात आणि एकेकाने वाढ असे कंसात सांगायचे आणि हात झटकून पुढच्या कामाला लागायचे, ही सवय मला इतकी जडली होती की तो क्रमांक नेमके काय कबूल करतो, हे मी पंधरा वर्षांत कधी वाचलेच नव्हते. लोखंडी सळ्या आणि सिमेंट विकणाऱ्या एका घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिलाचे सॉफ्टवेअर केले, तेव्हा हाच आतला क्रमांक मी बिल क्रमांक म्हणून छापून टाकला. मूळ अपराध एवढाच. पुढचे सगळे त्याचे व्याज.

ऑगस्टमधल्या एका दुपारी त्यांच्या बाजारपेठेतली वीज गेली. यूपीएसची बॅटरी दसऱ्याला बदलू, असे शेठ मागच्या दसऱ्यापासून म्हणत होते, त्यामुळे विजेपाठोपाठ सर्व्हरही गेला. तासाभराने दोघेही परत आले आणि संध्याकाळी दिवाणजींचा फोन आला.

“साहेब, चारशे बारानंतर काय येतं?”

“चारशे तेरा.”

“आमच्याकडे चौदाशे दोन आलं. मधली नऊशे एकोणनव्वद बिलं कुणी फाडली?”

रात्री जागून वाचल्यावर उलगडा झाला. २०१२ च्या आवृत्तीपासून हा सर्व्हर, वेग वाढावा म्हणून, साध्या पूर्णांकाच्या कॉलमसाठी हजार क्रमांक आगाऊ काढून स्मृतीत ठेवतो. त्याला रीतसर बंद केले तर उरलेल्यांचा हिशेब तो नीट लिहून जातो. अचानक आडवा झाला, तर उठल्यावर तो सगळा गठ्ठा वापरला गेला असे समजून पुढून मोजायला लागतो. कॉलम मोठ्या पूर्णांकाचा असता, तर ही उडी दहा हजारांची पडली असती, आणि मी साधा पूर्णांक निवडला होता हे माझ्या दूरदृष्टीचे फळ आहे, असे शेठना सांगण्याचा मोह मी महत्प्रयासाने आवरला. दिवाणजींना मात्र मी हे सगळे सोपे करून सांगितले की मशीनने हजार क्रमांक आधीच काढून ठेवले होते आणि वीज गेल्यावर ते हरवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग चौकीत अर्ज द्यायचा का? छापील बिलबुक हरवलं होतं तेव्हा दिला होता.”

खरा फेरा सीएंच्या कचेरीत होता. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलांचे क्रमांक ओळीने यावे लागतात आणि विवरणपत्राच्या तेराव्या तक्त्यात पहिला क्रमांक, शेवटचा क्रमांक आणि मधले रद्द झालेले किती, हे भरावे लागते. सीएंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि ३१७ हा क्रमांकही सापडत नसल्याचे शांत स्वरात सांगितले. त्या दिवशी तर वीज होती. शोध घेतला, तेव्हा कळले की एका गिऱ्हाईकाची उधारीची मर्यादा संपली होती, म्हणून ते बिल जतन होता होता मागे फिरवले गेले. बिल मागे फिरले; क्रमांक मात्र फिरला नाही. दवाखान्यात नंबर लावून कंटाळलेला रोगी मधूनच घरी जातो, म्हणून मागच्या सगळ्यांचे नंबर कंपाउंडर बदलत बसत नाही, त्यातलाच हा प्रकार. क्रमांक परत घ्यायचा ठरवला, तर पहिल्याचे काम तडीस जाईपर्यंत मागच्या प्रत्येकाला ताटकळत ठेवावे लागेल, आणि ते टळावे म्हणूनच ही सोय केलेली आहे. हे मी सीएंना समजावले. त्यांना ते पटलेही. फक्त तेराव्या तक्त्यात दवाखान्यासाठी रकाना नाही, असे ते म्हणाले.

मी दुरुस्तीला लागलो. चौदाशे दोनपासून चौदाशे नऊपर्यंतची आठ बिले माल घेऊन ट्रकबरोबर केव्हाच रवाना झाली होती आणि तसाही आयडेंटिटी कॉलममधला आकडा साध्या अपडेटने बदलता येत नाही, म्हणून त्यांना हात लावला नाही. ‘चेकआयडेंट’ची आज्ञा देऊन मोजणी पुन्हा ४१२ वर आणली, आगाऊ क्रमांक काढून ठेवण्याची खोड २०१७ च्या आवृत्तीत आलेल्या ‘आयडेंटिटी कॅश’ या सोयीने बंद केली (त्याआधी यासाठी ट्रेस फ्लॅग २७२ नावाचा स्विच लावत असत) आणि पुढचे बिल ४१३ निघालेले पाहून शेठच्या पैशाने कटिंग चहा प्यायलो.

पाऊस सरला, बांधकामांना जोर आला, बिले भराभर निघू लागली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फोन वाजला. सेव्हचे बटण दाबले की लाल अक्षरांत ‘प्रायमरी की’चे उल्लंघन झाल्याचा, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्याचा, मजकूर येत होता. मोजणी चालत चालत चौदाशे दोनला पोहोचली होती आणि त्या जागेवर ऑगस्टपासून दुसरेच बिल बसलेले होते. मी मोटारसायकलला किक मारली. बाजारपेठेत पोहोचलो, तर काउंटर सुरळीत चालू.

“झालं दुरुस्त,” दिवाणजी म्हणाले. “आठ वेळा शिव्या देतं, नवव्यांदा घेतं.”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो, कारण ते अक्षरशः खरे होते. नाकारलेले बिलसुद्धा आपला क्रमांक खाऊनच जाते. आठ नकारांत चौदाशे दोन ते चौदाशे नऊ संपले आणि नवव्या वेळी चौदाशे दहा मोकळा सापडला. पंधरा वर्षांच्या अनुभवाने मी जे आधी ओळखायला हवे होते, ते त्यांनी बटण बडवून मिळवले होते. ऑगस्टमधल्या चौदाशे दोननंतर ऑगस्टमध्येच चारशे तेरा कसे आले, या सीएंच्या प्रश्नावर मात्र त्यांच्याजवळही बटण नव्हते.

एप्रिलच्या नव्या वर्षासाठी मी आयडेंटिटी कॉलमला पडद्याआड त्याच्या खऱ्या कामाला पाठवले आणि बिल क्रमांकाचे वेगळे टेबल केले. बिल जतन होतानाच, त्याच व्यवहारात, कुलूप लावून पुढचा क्रमांक घ्यायचा. बिल फसले तर क्रमांकही जागेवर परत. त्यापायी दोन काउंटरांना क्षणभर एकमेकांसाठी थांबावे लागते, पण सिमेंटच्या गोणीला तेवढी घाई नसते. हे सगळे मी दिवाणजींना दाखवले.

“आणि निघालेलं बिल रद्द झालं तर?”

“तर क्रमांक तसाच राहील आणि त्यावर ‘रद्द’ असे येईल.”

त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला, जुने छापील बिलबुक काढले आणि अंगठ्याने पाने सरकवत एका पानावर थांबले. तिन्ही प्रती जागच्या जागी टाचलेल्या होत्या आणि त्यांवर लाल शाईत तिरपे ‘रद्द’ लिहिलेले होते.

“असंच ना?” त्यांनी विचारले.