बर्क ऑप्शनला टाकण्याआधी

"कॉन्झर्व्हेटिव्ह विचार समजून घ्यायला पुस्तकं लागत नाहीत, हे पाच मुद्दे पुरेत" अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या पुण्यातल्या अभ्यासिकांच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्याकडे तो आधीही आला होता, मी सोडून दिला. पण परवा भाचीने तोच पाठवला. ती विद्यापीठात राज्यशास्त्रात एम.ए. करते. खाली तिने विचारलं होतं, "आत्या, मग बर्क ऑप्शनला टाकू का? तसंही नोट्समध्ये अर्धंच पान आहे."

अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या त्या झेरॉक्स नोट्स मी पाहिल्या. एडमंड बर्क या अठराव्या शतकातल्या ब्रिटिश खासदार-विचारवंतावर खरंच अर्धं पान आहे. जन्मसाल, फ्रेंच राज्यक्रांतीला विरोध, 'परंपरावादाचा जनक', संपलं. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर असला मजकूर येऊन पडला की मुलांनी काय करावं? ती विश्वास ठेवणारच. म्हणून हे लिहिते आहे.

मजकुरातले पाच मुद्दे थोडक्यात असे. एक, बदलाला विरोध हाच या विचाराचा एकमेव सिद्धान्त. दोन, त्याचा मूळपुरुष एडमंड बर्क हा ब्रिटिश साम्राज्याचा भाट, बाबासाहेबांच्या देशात त्याला वाचायचं काही कारण नाही. तीन, अर्थशास्त्रज्ञ हायेकचं 'द रोड टू सर्फडम' हे या लोकांचं बायबल, तेवढं चाळलं की झालं. चार, उदारमतवादी तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने कॉन्झर्व्हेटिव्हांना मूर्खांचा पक्ष म्हणून ठेवलंय. पाच, भारतात असा विचारच नाही, कुणाला हवा असेल तर त्याने मनुस्मृती वाचावी.

दुसरा मुद्दा आधी घेते, कारण तो सगळ्यात जास्त खोटा आहे आणि पुण्यात बसून तो पुढे पाठवणाऱ्यांनी तरी थोडा विचार करायला हवा होता.

1 डिसेंबर 1783 रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावरच्या विधेयकावर बर्क ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बोलला. त्याचं म्हणणं होतं की हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत कंपनीचा ज्याच्याशी म्हणून संबंध आला असा एकही राजा नाही की ज्याला कंपनीने विकलं नाही, एकही तह नाही की जो तिने मोडला नाही, आणि तिच्यावर विश्वास टाकलेला एकही राजा नाही की जो धुळीला मिळाला नाही. नुसता आरोप करून तो थांबला नाही, एकेक व्यवहार त्याने मोजून दाखवला. त्यात आपला राघोबादादा आहे. मराठ्यांचं राज्य राघोबाला विकलं आणि मग राघोबालाच पेशव्यांना विकून त्यांच्या हवाली केलं, असं बर्क सांगतो. शिंद्यांचंही नाव तिथे येतं. या प्रत्येक सौद्यात मुलूख उद्ध्वस्त झाला, हेही तो सांगतो. 1775 चा सुरतेचा तह, पुढच्या वर्षीचा पुरंदरचा आणि 1782 चा सालबाईचा हे आपण शाळेत सनावळीसकट पाठ केले. त्याच काळात, त्याच व्यवहाराबद्दल, लंडनमध्ये उभं राहून कंपनीला विश्वासघातकी म्हणणारा माणूस साम्राज्याचा भाट कसा?

पुढे कंपनीचा गव्हर्नर जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवर त्याने महाभियोग चालवला. 1788 ला सुरू झालेला तो खटला 1795 पर्यंत चालला आणि शेवटी हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. पण त्या खटल्यात बर्कने जो मुद्दा मांडला तो आजही जुना झालेला नाही. भारतात राज्य करायचं तर असंच वागावं लागतं, इंग्लंडचे नियम इथे लागू नाहीत, हा हेस्टिंग्जच्या बाजूचा बचाव. बर्कने त्याला भौगोलिक नीती म्हटलं. अक्षांश-रेखांश बदलले म्हणून माणसाची कर्तव्यं बदलत नाहीत, हे त्याचं उत्तर.

हे खरं की इंग्रजांनी भारत सोडून जावं असं तो कधी म्हणाला नाही. कारभार जबाबदार असावा, एवढीच त्याची मागणी होती. तेवढ्यापुरतं त्याला साम्राज्याच्या चौकटीतला माणूस म्हणा. भाट म्हणू नका.

आता बाबासाहेबांचं नाव घेतलंच आहे तर पूर्ण घ्या. 17 डिसेंबर 1946. संविधान सभेत उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू आहे. मुस्लिम लीग सभागृहात आलेली नाही. ती येईपर्यंत ठराव पुढे ढकलावा, अशी दुरुस्ती बॅरिस्टर जयकरांनी मांडलेली आहे (ज्यांच्या नावाच्या ग्रंथालयात भाची अभ्यासाला बसते, तेच जयकर). अध्यक्ष अचानक आंबेडकरांना बोलायला सांगतात. हिंदू-मुस्लिम प्रश्न बळाने सुटेल असं कुणाला वाटत असेल तर त्यांच्यासाठी, म्हणून बाबासाहेब एक उतारा वाचून दाखवतात. तो उतारा बर्कचा आहे, अमेरिकन वसाहतींशी समेट करावा यासाठी त्याने 1775 साली केलेल्या भाषणातला. बळाचा वापर तात्पुरता असतो, त्याने क्षणभर दबवता येतं, पण पुन्हा दबवायची गरज काही संपत नाही; जे राष्ट्र सतत जिंकत राहावं लागतं त्यावर राज्य चालतं असं म्हणताच येत नाही; आणि जे जपायचं म्हणून लढलात तेच लढता लढता मोडून बसता. या शब्दांकडे दुर्लक्ष करणं धोक्याचं ठरेल, असं बाबासाहेब त्यानंतर बजावतात.

संविधान सभेच्या वादविवादात हे छापलेलं आहे, कुणालाही फुकट वाचता येतं. देशाचं भवितव्य ठरत असताना आंबेडकर ज्याचा आधार घेतात, तो तुम्ही त्यांच्याच नावाने मुलांच्या हातून काढून घेता? मला राग येतो तो याचा.

पहिला मुद्दा: बदलाला विरोध. बर्कचं फ्रेंच राज्यक्रांतीवरचं पुस्तक नोव्हेंबर 1790 मध्ये आलं. बदलाची साधनं ज्या राज्याकडे नाहीत त्याच्याकडे स्वतःला टिकवण्याचीही साधनं नाहीत, हे वाक्य त्याच पुस्तकात आहे. त्याचं भांडण सगळं पुसून कोऱ्या पाटीवर नवा समाज लिहायला निघालेल्यांशी आहे. राजाचा शिरच्छेद अजून व्हायचा होता आणि नेपोलियनचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा त्याने लिहून ठेवलं की या गोंधळातून शेवटी सैन्याला हाताशी धरणारा एखादा लोकप्रिय सेनापती सगळ्यांचा धनी होईल. आणि कोऱ्या पाटीची गोष्ट पुण्याला नवी नाही. खऱ्या सुधारकाला कोऱ्या पाटीवर लिहायचं नसतं, अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करायचं असतं, असं न्यायमूर्ती रानडे म्हणाले होते. रानड्यांना बदलाचे शत्रू म्हणणार का?

मात्र इथे मजकूर लिहिणाऱ्याच्या पदरात काहीतरी टाकावं लागेल, मनात नसलं तरी. "समाजाची अजून तयारी नाही" हे वाक्य परंपरेच्या बाजूने आजवर भरपूर वापरलं गेलंय आणि त्याची किंमत नेहमी दुसऱ्यांनीच मोजली. 1891 चा संमतिवयाचा कायदा आठवा. मुलींसाठी दहाची मर्यादा बारावर न्यायची होती, एवढंच. त्यावरून या शहरात केवढं रान पेटलं! परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये, हा टिळकांच्या बाजूचा युक्तिवाद वाचला तर तो पोकळ वाटत नाही. पण त्या युक्तिवादात ती दहा-अकरा वर्षांची मुलगी कुठेच नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1848 साली भिडेवाड्यात शाळा काढली तेव्हा समाजाची तयारी व्हायची वाट पाहिली नाही, हे फार बरं केलं. बर्कवरही हा आक्षेप त्याच्या हयातीतच आला. फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घेणाऱ्या टॉमस पेनने 1791 साली त्याला सुनावलं की तुला पिसांची कणव येते, पण मरणाऱ्या पक्ष्याचा विसर पडतो. फ्रान्सच्या राणीसाठी बर्कने काढलेले उमाळे वाचले की पेनचं पटतं.

पण हे कळायला दोघांनाही वाचावं लागतं.

हायेकचा मुद्दा दोन ओळींत संपतो. त्याच्या 1960 च्या 'द कॉन्स्टिट्यूशन ऑफ लिबर्टी' या पुस्तकाच्या शेवटी एक परिशिष्ट आहे आणि त्याचं शीर्षकच 'मी कॉन्झर्व्हेटिव्ह का नाही' असं आहे. अनुक्रमणिका पाहिली असती तरी चाललं असतं.

मिलचं अर्धं खरं आहे. 1861 च्या पुस्तकात त्याने तसं लिहिलं, 1866 मध्ये पार्लमेंटात त्यावरून टोमणे बसले तेव्हा तो म्हणाला की सगळे कॉन्झर्व्हेटिव्ह मूर्ख असतात असं मला म्हणायचं नव्हतं, मूर्ख माणसं बहुधा कॉन्झर्व्हेटिव्ह असतात असं म्हणायचं होतं. पण याच मिलने 1840 मध्ये कोलरिज या परंपरावादी कवी-विचारवंतावर निबंध लिहिला. आपल्या विरोधकांची बुद्धी तल्लख होवो अशी प्रार्थना प्रत्येक सुधारकाने करावी, कारण धोका त्यांच्या मूर्खपणापासून आहे, शहाणपणापासून नाही, असं तो तिथे सांगतो. आगरकर ज्या मिलवर वाढले तो हा मिल.

पाचव्या मुद्द्याला फार वेळ देणार नाही. चिपळूणकरांची निबंधमाला 1874 मध्ये याच पुण्यातून निघाली. राजाजींनी 1959 मध्ये स्वतंत्र पक्ष काढला, 1967 च्या निवडणुकीत त्याचे 44 खासदार निवडून आले आणि तो लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. जैतीर्थ राव यांचं 'द इंडियन कॉन्झर्व्हेटिव्ह' 2019 चं आहे. यातलं काहीही पटो न पटो, ते अस्तित्वातच नाही असं म्हणणं हा निव्वळ आळस आहे.

भाचीला मी दिलेला क्रम असा. आधी ब्रिटिश विचारवंत मायकेल ओकशॉटचा 'ऑन बीइंग कॉन्झर्व्हेटिव्ह' हा 1956 चा निबंध. छोटा आहे, एका बैठकीत होतो. राज्यकारभाराबाबत कॉन्झर्व्हेटिव्ह असलेला माणूस बाकी जवळजवळ प्रत्येक बाबतीत बंडखोर असू शकतो, असं तो म्हणतो. या एका वाक्यानेच फिरत्या मजकुराचा पहिला मुद्दा मोडतो. मग बर्क, आणि त्याच्या शेजारी पेन, दोन्ही एकदमच उघडून. त्यानंतर अमेरिकन अभ्यासक कोरी रॉबिनचं 2011 चं 'द रिॲक्शनरी माइंड', कारण हा सगळा विचार म्हणजे खालच्यांनी मान वर काढली की वरच्यांनी केलेला बचाव आहे, ही बाजू त्याने नीट पुराव्यानिशी मांडली आहे आणि ती डावलून चालणार नाही. रसेल कर्कचं 1953 चं 'द कॉन्झर्व्हेटिव्ह माइंड' हे जाडजूड पुस्तक सगळ्यात शेवटी. त्यात माणसं इतकी येतात की नवख्याने तिथून सुरुवात केली तर तो पन्नासाव्या पानावर सोडून देईल.

तिने सतरा डिसेंबरचं भाषण आधी वाचते म्हणून सांगितलंय. तेही चालेल.