जुन्या गाडीला 'नवी कंपनी बॉडी': त्या मेसेजला कुपवाडहून उत्तर

महिनाभर एक मेसेज आमच्या भागात फिरतोय. मला तो पाच जणांनी पाठवला, आणि त्यातल्या तिघांकडे जुनी गाडीच नाही. मजकूर थोडक्यात असा: "जुन्या स्पोर्ट्स कारच्या कंपन्या आजही कारखान्यात नव्या बॉडी शेल बनवतात. कुठल्याही मॉडेलची मागवा. मूळ डायवरच निघते, म्हणून जुने पार्ट सरळ बोल्टने बसतात. जुना चासी नंबर ठोकला की आरसी बुक तेच, आरटीओत जायचं कारण नाही. गंजलेली बॉडी दुरुस्त करण्यापेक्षा स्वस्त, आणि गाडी शंभर टक्के ओरिजिनल." खाली लाल चकचकीत एमजीचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा फोटो. (बॉडी शेल म्हणजे गाडीचा नुसता पत्र्याचा सांगाडा. डाय म्हणजे प्रेसमध्ये पत्रा दाबायचं, कापायचं जड लोखंडी अवजार.)

पाठवणाऱ्यांत शेवटचे होते सांगलीच्या गावभागातले आमचे सर. त्यांच्याकडे १९६५ ची स्टँडर्ड हेरल्ड आहे, दोन दारांची, वडिलांनी घेतलेली. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा ती काचांपर्यंत बुडाली. गाळ धुतला, इंजिन उघडून साफ केलं, गाडी चालूही झाली. पण पत्र्याच्या बंद पोकळ्यांत जे पाणी आणि जो गाळ राहिला तो अजून आपलं काम करतोय. सरांनी मेसेजखाली एवढंच लिहिलं, "मागवू या का?" फोनवर मी दिलेलं उत्तर तुटक होतं, म्हणून हे सविस्तर. मी कुपवाड एमआयडीसीत प्रेस टूल बनवतो, जुन्या गाड्यांचं पत्राकाम हा माझा रविवारचा उद्योग. मेसेजमधला 'डाय' हा शब्द मला त्यामुळेच जरा जास्त टोचला.

खरं तेवढं आधी मान्य करतो. फोटोतल्या गाडीपुरता मेसेज खोटा नाही. एमजी बी १९६२ ते १९८० या काळात बनली आणि पाच लाखांहून जास्त निघाली. १९८० साली इंग्लंडमधला तिचा ॲबिंग्डनचा कारखाना बंद पडला, पण तिच्या डाय सगळ्याच भंगारात गेल्या नाहीत. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने त्या हुडकून गोळा केल्या आणि १९८८ साली एमजी बीची नवी शेल विकायला काढली. ही शेल इतकी चालली की १९९२ साली रोव्हरने तिच्याच आधारावर एमजी आरव्ही ८ नावाची नवी गाडी बाजारात आणली. सुमारे दोन हजार गाड्या निघाल्या, त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या. पुढे मिजेट, मिनी आणि ट्रायम्फ टीआर ६ च्या शेलही हेरिटेजने काढल्या. कौतुक करावं असंच काम आहे.

पण "कुठल्याही मॉडेलची"?

बाहेरच्या माणसाला वाटतं, एका मडगार्डला एक डाय. तसं नसतं. ड्रॉ डाय पत्र्याला आकार देते, ट्रिम डाय भोवतीची जादा कड कापते, पिअर्सिंगला भोकं पडतात, फ्लँज डाय कडा वळवते. एका भागाला चार-पाच डाय सहज. आणि डोळ्यांना दिसतात ती मडगार्डं, दारं, डिकी एवढंच. आतल्या पट्ट्या, क्रॉस मेंबर, दोन पत्रे जोडून केलेल्या पेट्या धरल्या तर एका शेलचे भाग शेकड्यांत मोजावे लागतात. मोठी डाय काही टनांची असते. मॉडेल बंद झालं की हे लोखंड वर्षानुवर्षं शेडमध्ये ठेवायचं, त्याला तेल लावत राहायचं, आणि का, तर तीस वर्षांनी कुणा हौशी माणसाला एक बॉडी हवी होईल म्हणून. कुठला अकाउंटंट याला हो म्हणेल? फाउंड्रीवाला किलोच्या भावाने न्यायला दारात उभाच असतो. मी स्वतः गिऱ्हाइकांच्या डाय अशा दिल्या आहेत. पाच वर्षं जागा अडवली, फोन केला तर उचलत नाहीत, शेवटी टेम्पो बोलावला.

त्यामुळे गाडी लाखांनी खपलेली, ती जपणारे अजून हजारांनी असलेले, आणि डाय वितळायच्या आत कुणीतरी धावलेलं, असं सगळं जुळून आलं तरच मूळ डायवरची शेल मिळते. जुळलं नाही तर नवी डाय करा. मस्टँगचं तसंच झालं. २०११ साली फोर्डने १९६५ च्या, छत उघडणाऱ्या मस्टँगची शेल जाहीर केली, किंमत सुमारे १५ हजार डॉलर. पण ती डायनाकॉर्न नावाच्या कंपनीने आपल्या टूलिंगवर, म्हणजे स्वतःच्या डायवर बनवलेली. परवाना फोर्डचा, कारखाना फोर्डचा नाही. माल उत्तम आहे, वेल्डिंग तर जुन्यापेक्षा चांगलं. मात्र त्याला 'फॅक्टरी' म्हणणं म्हणजे पैठणीच्या डिझाइनची साडी येवल्याची म्हणून विकणं. जॅग्वार ई टाइपचे पत्रे आणि शेलही अशाच स्वतंत्र कारागिरांच्या कंपन्या बनवतात.

आपल्या देशी स्पोर्ट्स कारचं उलट आहे, जाता जाता सांगतो. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म फायबरग्लासची होती. फायबरला डाय लागत नाही, साचा लागतो, आणि चांगल्या अवस्थेतली एक गाडी हाताशी असली तर साचा तिच्यावरूनच काढता येतो. लोटस एलान या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचीही बॉडी फायबरची, खाली पोलादी कण्यासारखी चासी. तिथे गंजते ती चासी, आणि नवी मागवतात तीही चासीच. म्हणजे मेसेजमधला सल्ला या गाडीला नेमका उफराटा लागू पडतो.

आता "जुने पार्ट सरळ बोल्टने बसतात". लिहिणाऱ्याने पाना हातात धरलेला नाही.

एमजी बीचंच घ्या, कारण तिची शेल खरोखर मूळ डायवरची. १९६७ साली नवा गिअरबॉक्स आला म्हणून मधला बोगदा रुंद केला. त्याआधीच्या गाडीचा आणि नंतरच्या गाडीचा फ्लोअर एक नाही. सुरुवातीचं बोनेट ॲल्युमिनियमचं, नंतरचं लोखंडी पत्र्याचं. १९७४ च्या शेवटी रबरी बंपर आले तेव्हा गाडीची उंचीसुद्धा वाढवली. एकाच नावाखाली अठरा वर्षांत इतके फरक. शेल एका ठरावीक साच्याची येते, तुमची गाडी कुठल्या वर्षाची आहे हे तिला माहीत नसतं. मग कंस हलवा, भोकं बुजवा, नवी पाडा. ई टाइपचं तर कारखान्यातही एकाचं बोनेट दुसऱ्याला नीट बसत नसे. फटी हाताने जुळवायच्या, सांधे शिशाने भरून कानस मारायची, असा तो जमाना होता.

माझी एक चूक सांगतो, म्हणजे कळेल. काही वर्षांपूर्वी एका पद्मिनीचे दोन्ही बाजूंचे दाराखालचे पट्टे गंजले होते. मी घाईत दोन्ही एकदमच कापले, दारांच्या चौकटीत आधाराला आडवा पाइप वेल्डिंगने तात्पुरता न टाचता. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. मधला आधार गेल्याबरोबर गाडी पोटात बसली. डोळ्यांना काही दिसलं नाही. नवे पट्टे को-टू वेल्डिंगने सुंदर बसले, पुट्टीसुद्धा फारशी लागली नाही, आणि दार लावायला गेलो तर वरची फट ४ मिलिमीटर, खालची ९. सगळं पुन्हा कापलं. जिगवर, म्हणजे मापं पक्की धरून ठेवणाऱ्या चौकटीवर बांधलेली शेल हा त्रास वाचवते, हे खरंच. तरी शहाणा माणूस रंग देण्याआधी दारं, काचा, बोनेट, सगळं एकदा कोरड्या पत्र्यावर लावून बघतो आणि पुन्हा उतरवतो. 'सरळ बोल्टने' या दोन शब्दांत हे कित्येक रविवार गायब झालेत.

पुढचं वाक्य मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. "जुना चासी नंबर ठोकला की झालं."

जीपसारख्या गाडीत चासी म्हणजे खालची वेगळी फ्रेम, नंबर तिच्यावर. वरची टब, म्हणजे बॉडीचा पत्रा, गंजली, नवी बसवली, तरी गाडीची ओळख शाबूत राहते. एमजी बी किंवा पद्मिनीसारख्या गाडीत नंबर बॉडीच्याच पत्र्यावर. नवी शेल आणली म्हणजे नंबर असलेला पत्रा भंगारात गेला, आणि कोऱ्या पत्र्यावर आपल्या हाताने पंच मारणं हे चोरीच्या गाड्यांचे नंबर बदलणारे करतात तेच काम आहे. तपासणारा अधिकारी तुमची हौस बघत नाही, पंच बघतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी आरसी बुक जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हेच ठणकावून सांगितलं. तेव्हा कंपनीच्या तपशिलाबरहुकूम शेल असली तरी आधी आरटीओची लेखी परवानगी, मग शेल, हाच क्रम. आमच्या एमएच १० मध्ये काय आणि साताऱ्याच्या एमएच ११ मध्ये काय.

आणि सरांसारख्यांसाठी यात आणखी एक खोच आहे. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी त्यात बसते, आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर ठेवता येतो, नोंदणी १० वर्षं चालते. अट एकच मोठी: गाडी मूळ रूपात हवी, आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत फेरफार करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी. 'बॉडी शेल' हे शब्द नियमात आहेत. म्हणजे ज्या गाडीला सरकार व्हिंटेज म्हणायला तयार आहे, तिचा तो हक्क हा मेसेज ऐकून धोक्यात घालायचा.

बाहेर सगळं मोकळं आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये अनेक वर्षं गुणांची पद्धत होती. जुना नंबर राखायला किमान ८ गुण, त्यातले ५ चासीचे किंवा मोनोकॉक (वेगळी चासी नसलेल्या) बॉडीचे, इंजिनाला फक्त १. उत्पादकाकडून थेट आलेली, बदल न केलेली नवी शेल तिथे चालत असे, पण ती कुठून आली हे कागदाने दाखवायचं. खुद्द पोर्शने २०१८ साली ९९३ टर्बोची शिल्लक राहिलेली एक मूळ शेल काढून तिच्यावर अख्खी गाडी उभी केली, नाव ठेवलं प्रोजेक्ट गोल्ड. लिलावात तीस लाख डॉलरच्या वर गेली. कंपनी तीच, शेल तीच, कामगार कंपनीचेच. तरी तिला जुना नंबर नाही, नवा दिला, आणि रस्त्यावर चालवायची नोंदणी मिळत नाही ती नाहीच. ट्रॅकवर फिरवा. पोर्शला जे जमलं नाही ते कुपवाडच्या पंचाने जमेल असं मेसेजवाल्याला वाटतं.

स्वस्त? एमजी बीची शेल दहा हजार पौंडांच्या वर जाते, म्हणजे रुपयांत दहा लाखांच्या पुढेच. त्यावर कंटेनरचं भाडं, कस्टम, मुंबईहून सांगलीपर्यंतची वाहतूक. एवढं केल्यावर हातात येतो तो प्रायमर मारलेला पत्रा. रंग, वायरिंग, रबर, काचा, सीट, ब्रेकचे पाइप अजून सुरूच व्हायचे आहेत. इंग्लंडात कारागिराची मजुरी तासावर पौंडांत जाते, म्हणून तिथे गंजलेली बॉडी तुकड्या-तुकड्याने जोडत बसण्यापेक्षा शेल परवडू शकते. आपल्याकडे हातोडा आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) घेऊन बसणारा चांगला डेंटर अजून मिळतो. त्यांचा हिशेब इथे जसाच्या तसा लावून चालणार नाही.

आता सरांची हेरल्ड. मेसेज तिला लागूच होत नाही, आणि कारण मजेशीर आहे. पन्नाशीच्या दशकात इंग्लंडमधल्या स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी प्रतिस्पर्धी बीएमसीने विकत घेतली. अख्खी बॉडी दाबून देणारा कुणी उरला नाही. मग त्यांनी वेगळी चासी ठेवली, बॉडीचे तुकडे पाडले, ते वेगवेगळीकडून करून घेतले आणि बोल्टने एकत्र आणले. १९५९ ची हेरल्ड अशी जन्मली. मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरने रेखलेली, पुढचं अख्खं तोंड वर उचलणारी. १९६१ पासून मद्रासला बनली ती हीच. स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार पुढे याच चासीवर बेतली. तेव्हाची अडचण आज सरांच्या पथ्यावर पडते: जो तुकडा गेला तेवढाच उतरवायचा. 'अख्खी शेल' ही चीजच या गाडीत नाही.

तर सर, मागवायचं काही नाही. ईडीडीचा, म्हणजे खोल दाबला तरी न फाटणारा, २० गेज सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा मी शुक्रवारी आणतोय. रविवारी बॉडीचा मागचा भाग, म्हणजे मागची टब उतरवू. बोल्ट गाळाने धरले असतील, तेव्हा शनिवारी रात्री त्यांवर डिझेल सोडून ठेवा, जोर लावू नका. चासीचे आउटरिगर, म्हणजे बॉडीला आधार देणारे बाजूचे हात, स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायचे आहेत. आरपार गेला तर ते नवे करू, नाही गेला तर फक्त फ्लोअर. आणि आरसी बुक सोबत ठेवा, चासी नंबर कुठे आहे त्याचा फोटो काम सुरू करायच्या आधी काढायचाय.