तीन दिवसांत डोळे फिरवून बालपण बरं होत नाही

गेल्या वर्षभरात एकच मेसेज मला चार जणांकडून आला. आधी रामबागेतल्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर, मग भाचीकडून, मग एका जुन्या शेजारणीकडून, आणि शेवटी माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या एका बाईंकडून. मजकूर असा: 'लहानपणापासूनचे मनाचे घाव फक्त तीन दिवसांत बरे! रोज वीस मिनिटं डोळे डावीकडून उजवीकडे फिरवा. मेंदूचे दोन्ही भाग जोडले जातात, वाईट आठवणी पुसल्या जातात. नव्वद टक्के लोक तीन सेशनमध्ये बरे होतात हे सिद्ध झालंय. कुणाशी बोलायची गरज नाही. गोळ्याही सुटतात.' खाली व्हिडिओ: काळ्या पडद्यावर पांढरा ठिपका, इकडून तिकडे.

मी इंदुरात समुपदेशन करते. डोळ्यांच्या हालचालींची ही पद्धत, म्हणजे ईएमडीआर, मी रीतसर शिकले आहे आणि वापरते. त्रासाची आठवण मनात धरायची आणि थेरपिस्टच्या फिरणाऱ्या बोटामागे नजर फिरवायची, अशी ती असते. हे थोतांड असतं तर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते. तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली आघातानंतरच्या मानसिक त्रासासाठी, म्हणजे पीटीएसडीसाठी, हिची शिफारस केली आहे, आणि हिच्यामुळे सावरलेली माणसं मी समोर बसून पाहिली आहेत. म्हणूनच हा मेसेज मला जास्त लागला. त्यात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्या खऱ्याच्या आधाराने बाकीचं खपून जातंय.

'नव्वद टक्के, तीन सेशन' या आकड्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याने केलंय. हा आकडा हवेतून आलेला नाही. काही अभ्यासांत नव्वद-नव्वद मिनिटांच्या तीन सेशननंतर ८४ ते ९० टक्के लोकांमध्ये आघातोत्तर विकाराचं निदान उरलं नव्हतं. पण ती माणसं एकाच घटनेने हादरलेली होती. बायपासवर एकदाच झालेला अपघात, एकदाच घरात शिरलेला चोर. मेसेजने आकडा उचलला, माणसं बदलली आणि वर 'लहानपणापासूनचे घाव' असं लिहून टाकलं.

लहानपणीच्या घावांचं काय होतं, याचा आकडाही आहे, तो मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. २००७ साली अमेरिकेत ८८ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ईएमडीआर, नैराश्यावरची एक गोळी आणि नुसती बिनऔषधी गोळी, अशी तुलना होती. ईएमडीआरची आठ सेशन झाली. सहा महिन्यांनी ईएमडीआर घेतलेल्यांना पाहिलं, तर ज्यांच्यावर आघात मोठेपणी झाला होता त्यांच्यातले ७५ टक्के लोक लक्षणमुक्त होते. ज्यांच्यावर बालपणी झाला होता, त्यांच्यातले ३३ टक्के. पद्धत तीच, सेशन तितकीच. तीनातल्या एकाला बरं वाटलं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. पण उरलेल्या दोघांना आठ सेशन पुरली नाहीत, आणि हा मेसेज त्यांना तीन दिवस देतोय.

असं का होतं? अपघात झालेल्या माणसाला परत जायला आधीचा एक 'मी' असतो. ज्या मुलीने गल्लीत स्कूटरचा आवाज आला की वह्या आवरून कोपऱ्यात बसायचं, असं वयाच्या पाचव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत केलं, तिच्याकडे 'आधीचं' काही नसतं. ईएमडीआरमध्ये एक आठवण निवडून तिच्यावर काम सुरू होतं. तिने कुठली संध्याकाळ निवडायची? शिवाय मारापेक्षा खोल गेलेलं असतं ते 'मी वाईट आहे म्हणून हे होतंय'. ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ मध्येच हा वेगळा प्रकार मांडला होता. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत तो कॉम्प्लेक्स पीटीएसडी म्हणून स्वतंत्र नोंदवला आहे. पुन्हा पुन्हा तेच दिसणं, टाळाटाळ, सतत धास्ती, ही नेहमीची लक्षणं त्यात आहेतच. त्यांच्यावर आणखी तीन: भावना आवरता न येणं, स्वतःबद्दल पराकोटीची हीन भावना, आणि माणसांजवळ टिकता न येणं.

या शेवटच्या तिनांतलं दुसरं, हीन भावनेचं लक्षण लक्षात ठेवा. मेसेज नेमका त्याच्यावर घाव घालतो.

'मेंदूचे दोन्ही भाग जोडले जातात' हे ऐकायला छान वाटतं. पण २००८ च्या प्रयोगांत लोकांनी डोळे वर-खाली फिरवले तरी आठवणीची धार तेवढीच बोथट झाली, आणि आठवण मनात धरून किचकट आकृती काढायला लावली तरीही. मग डाव्या-उजव्याचा संबंध कुठे राहिला? आज जास्त पटणारं स्पष्टीकरण साधं आहे. मनाला एका वेळी जेवढं धरता येतं त्याला मर्यादा असते. आठवणही धरायची आणि फिरणाऱ्या बोटामागे नजरही ठेवायची म्हटलं की आठवण फिकी पडते, आणि फिकी होऊनच परत ठेवली जाते. डोळ्यांच्या हालचालींनी वेगळा फायदा होतो का, यावरही मतभेद झाले आहेत. २००१ च्या आढाव्याने नाही म्हटलं, २०१३ च्या आढाव्याने हो म्हटलं. पुसलं मात्र काहीच जात नाही. घडलेलं आठवतं, फक्त अंगावर येत नाही.

डावी-उजवीकडे फिरणाऱ्या प्रकाशाने उंदरांची भीती कमी झाली, असा २०१९ चा प्रयोग कुणी पुढे करतं. चांगला प्रयोग आहे. पण त्यात पिंजऱ्यात आवाज आणि विजेचा झटका जोडून शिकवलेली भीती होती. बापाच्या पावलांची भीती वेगळी.

आता 'घरीच करा'. मेसेज पाठवणाऱ्या त्या बाईंनी ते केलं होतं. त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा काढून सांगते. घरचे झोपल्यावर स्वयंपाकघरात त्यांनी फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला आणि ठिपक्याकडे बघत बसल्या. पहिल्या रात्री फक्त डोकं दुखलं. दुसऱ्या रात्री लहानपणचं घर असं उभं राहिलं की त्या ओट्याला पाठ लावून खाली बसल्या, त्या पहाटे दूधवाल्याची घंटी वाजेपर्यंत. हात-पाय गार, आणि आपण चाळिशीतल्या बाई आहोत, आपल्याला दोन मुलं आहेत, हेच आठवेना. तिसऱ्या रात्री त्यांनी पुन्हा लावला, कारण तीन दिवस सांगितले होते.

माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "ताई, दहातले नऊ बरे होतात नं? तो दहावा मीच आहे. माझ्यातच खोट आहे."

हे वाक्य ऐकल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. ज्या आजाराचं एक मुख्य लक्षणच 'मी वाईट' हे आहे, त्या माणसाला खोटा आकडा दाखवायचा, आणि तो फसला की दोष त्याच्याच पदरात टाकायचा.

ईएमडीआरचे आठ टप्पे आहेत. डोळे हलवणं चौथ्या टप्प्यात येतं. त्याआधी पूर्वेतिहास, मनाची तयारी, कुठल्या आठवणीला हात घालायचा हे ठरवणं. नंतर दर वेळी सेशन नीट बंद करणं, म्हणजे माणूस जिथून आला त्या आजच्या दिवसात परत पोचेल. व्हिडिओत चौथा टप्पा तेवढा कापून घेतलाय. जखम उघडणारा भाग ठेवला, बांधणारा टाकून दिला. या बाईंसोबत पहिली सहा सेशन आम्ही डोळे हलवलेच नाहीत. त्या काळात त्यांनी परत यायची वाट शोधली. त्यांना वासाने आजचा दिवस आठवतो हे कळलं, तेव्हापासून पर्समध्ये जिरावन मसाल्याची एक छोटी डबी असते. मन भरकटायला लागलं की डबी उघडायची. पोह्यांवरच्या जिरावनचा तो वास त्यांच्या सासरच्या, सुखाच्या घराचा आहे.

इथे माझ्या व्यवसायातल्या लोकांनाही एक सांगायचंय. तयारीच्या नावाखाली वर्ष-वर्ष मूळ आठवणीला हात न लावणंही बरोबर नाही. २०१६ मध्ये काही तज्ज्ञांनी, विशेषतः डच संशोधकांनी, हे ठणकावून सांगितलं. नेदरलँड्समध्ये आठ दिवसांचा निवासी कार्यक्रम चालतो, त्यात गुंतागुंतीचे आघात झालेलेही पुष्कळ जण सावरतात. म्हणजे थोड्या दिवसांत होऊ शकतं? होऊ शकतं. पण त्या आठ दिवसांत रोज नव्वद मिनिटांची दोन सेशन असतात. हिशोब केला तर चोवीस तास, शिवाय व्यायाम, माहितीचे वर्ग आणि भोवती प्रशिक्षित माणसं. एआरटी नावाची, डोळ्यांच्या हालचालींचीच आणखी एक छोटी पद्धत २००८ पासून आहे, एक ते पाच सेशनची. सैनिकांवरचे तिचे सुरुवातीचे निकाल आशादायक आहेत. त्यातही समोर थेरपिस्ट असतो.

'कुणाशी बोलायची गरज नाही' हे अर्धं खरं. ईएमडीआरमध्ये तपशील सांगावाच लागत नाही, आणि लाजेने गप्प राहिलेल्या बायकांना त्याचा फार आधार वाटतो. पण न सांगता कुणाजवळ बसणं आणि जवळ कुणीच नसणं यांत फरक आहे.

गोळ्या मनाने बंद करू नका. एकदम सोडल्या तर चक्कर, झोप उडणं, जीव घाबरणं होऊ शकतं, आणि ते आघाताचंच वाटतं. ज्यांनी सुरू केल्या त्या डॉक्टरांनाच विचारा.

थेरपिस्टकडे जाणार असाल तर दोन प्रश्न बेधडक विचारा: तुमचं प्रशिक्षण कुठवर झालंय, आणि सेशनमध्ये मी अडकले तर तुम्ही काय कराल? ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत साधारण ८ ते १२ सेशन आणि अनेक आघात असतील तर जास्त, असं म्हटलंय. तीन दिवसांची हमी देणाऱ्याकडून उठून या. पैशांची अडचण असेल तर बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

मागच्या गुरुवारी त्या बाईंचं बाविसावं सेशन होतं. बोलता बोलता खाली गल्लीत एक स्कूटर येऊन थांबली. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. हात पर्सपर्यंत गेला, डबी काही निघाली नाही. "हां, तर मी काय सांगत होते," म्हणाल्या, आणि मुलीच्या गॅदरिंगची गोष्ट पुढे सुरू झाली.