कोण कोण आहे सोबत?

सोलापूरच्या मुलीनं ‘क्लाइंबिंगला चाललेय’ म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘कोण कोण आहे सोबत?’ मग मुलगे किती, मुली किती, त्यातलं ओळखीतल्या घरातलं कोण, मुक्काम कुठं. या चौकशीचा मला राग येत नाही. क्लाइंबिंगमध्ये याच्याइतका मोलाचा प्रश्न दुसरा नाही. माझी तक्रार एवढीच, की प्रश्न बरोबर पडतो आणि तपासणी भलतीच होते. आडनाव कळतं, नोकरी कळते, ‘पोरगा चांगल्या घरचा आहे’ असा दाखला मिळतो. दोर कोण धरणार, हे कोणीच विचारत नाही.

आपल्याला तर हा प्रश्न टाळताही येत नाही. सोलापूर सपाट. मान वर करून बघावं असं आपल्याकडे काय, तर संक्रांतीला निघणारे सिद्धेश्वराचे नंदीध्वज. कातळ हवा असेल तर एक तर रात्रीच्या गाडीनं पुणं गाठून पुढं सह्याद्रीत शिरायचं, नाही तर विजयपूर-बागलकोटच्या रेल्वेनं खाली बदामीला जायचं. पुण्याच्या मुलीला एखादा पार्टनर पटला नाही तर ती दुपारच्याला घरी येऊ शकते. आपण एकदा निघालो की प्रवास, जेवण, मुक्काम आणि दोर, सगळं त्याच चार माणसांबरोबर.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चढणारीच्या हार्नेसला, म्हणजे कमरेच्या-मांड्यांच्या पट्ट्यांना, दोर बांधलेला असतो आणि तोच दोर खाली उभ्या असलेल्या माणसाच्या बिले डिव्हाइसमधून, म्हणजे दोर अडवणाऱ्या छोट्या साधनातून, गेलेला असतो. ती वर सरकेल तसा खालचा माणूस दोर सोडतो, ती घसरली की अडवतो. याला बिले देणं म्हणतात. बिले देणाऱ्याचा ब्रेकचा हात दोरावरून सुटत नाही. नाकावर माशी बसली तरी नाही, फोन वाजला तरी नाही. लीड करणारी, म्हणजे सगळ्यांत पुढं चढत कातळात ठोकलेल्या बोल्टमध्ये दोर अडकवत जाणारी, शेवटच्या बोल्टच्या दोन मीटर वर असताना पडली, तर बोल्टपर्यंतचे दोन, बोल्टच्या खालचे दोन, शिवाय दोराचा ताण आणि ढील, असं पाच मीटर सहज होतं. त्या वेळी खालच्यानं रील शूट करत असावं का, तुम्हीच ठरवा. मी असे बिलेवाले पाहिलेत. एका हातात दोर, दुसऱ्यात मोबाइल, वर ‘मॅडम, जरा इकडं बघा की’.

‘तो फार सीनियर आहे, काळजी नको’ हे वाक्य ऐकलं की मी जास्तच काळजी करते. लिन हिल ही जगातल्या सर्वोत्तम क्लाइंबरपैकी एक. 1989 मध्ये फ्रान्समधल्या एका कड्यावर तिनं दोर हार्नेसमधून ओवला, पण गाठ पुरी करायची राहिली, आणि वरून जॅकेट असल्यानं ते कोणाच्या नजरेला आलं नाही. वर पोचल्यावर खाली येण्यासाठी तिनं दोरावर भार टाकला आणि वीसेक मीटर खाली कोसळली. झाडाच्या फांद्यांनी जीव वाचला. पुढे 1993 मध्ये याच बाईनं अमेरिकेत योसेमिटीतल्या एल कॅपिटन या कड्यावरचा ‘नोज’ हा मार्ग फ्री चढून दाखवला, म्हणजे वर सरकायला फक्त हातपाय, आणि दोर फक्त पडल्यावर अडवण्यापुरता. तोवर ते कोणा पुरुषालाही जमलं नव्हतं. इतक्या तयारीच्या माणसाची गाठ राहू शकते, तर आपल्या ग्रुपच्या सीनियरची का नाही राहणार?

म्हणून चढण्याआधी दोघांनी एकमेकांचं सगळं तपासायचं. आठाची गाठ मोजून बघायची, दोर जोडीनं जोडीनं गेलाय का, शेपूट पुरेसं आहे का. हार्नेसचं बकल बघायचं. कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा, स्क्रू फिरवून बंद केलाय ना, हे नुसतं बघायचं नाही, बोटानं दाबून बघायचं. पंधरा-वीस सेकंदांचं काम. पण यातच माणूस कळतो. ‘माझं काय तपासतेस, मी तुझ्या आधीपासून करतोय’ असं जो म्हणतो, त्याच्या दोरावर मी चढत नाही. भांडत नाही, समजावत नाही. शूज काढते आणि सावलीत जाऊन बसते.

आता खरा मुद्दा. बायकांना पार्टनर निवडताना दोन वेगळ्या याद्या शिकवल्या जातात. एक तांत्रिक, ती क्लबमध्ये शिकवतात. दुसरी ‘माणूस कसा आहे’ याची, ती आई, मावशी, मैत्रिणी कुजबुजत सांगतात. माझ्या मते या याद्या वेगळ्या नाहीतच. दोरावर जो ऐकत नाही तो खालीही ऐकत नाही.

उदाहरण बघा. मुलगी वर अडकलीय, हात भरून आलेत, ती ओरडते, ‘खाली घे’. खालचा म्हणतो, ‘अगं जमतंय तुला, अजून एक ट्राय कर.’ ती पुन्हा म्हणते, खाली घे. हा हसतो, दोर तसाच धरून ठेवतो, आजूबाजूचे टाळ्या वाजवतात. सगळ्यांना वाटतं, काय प्रोत्साहन देतोय पठ्ठ्या! मला त्यात एकच गोष्ट दिसते. तिनं स्पष्ट शब्दांत, दोनदा, मोठ्यानं सांगितलंय आणि यानं तिच्या वतीनं निर्णय घेतलाय. प्रोत्साहन द्यायला माझी ना नाही. ‘एकदा बघतेस का?’ असं विचारावं. ती नाही म्हणाली की दोर सुटायला लागला पाहिजे. रात्री मुक्कामाला हाच माणूस तुमच्या ‘नको’चं काय करेल, याचा अंदाज दुपारी कातळावरच बांधता येतो.

हार्नेसबद्दलही बोलायलाच हवं, कारण याबद्दल कोणी लिहीत नाही. हार्नेस कमरेला आणि दोन्ही मांड्यांना बांधतात. नवीन मुलीला पट्टे कुठले कुठं कळत नाही, मग कोणीतरी ‘थांब, मी बांधून देतो’ म्हणत गुडघ्यावर बसतो आणि पट्टे खेचायला लागतो. ती अवघडते. आपणच गावंढळ ठरू म्हणून गप्प राहते. असे ‘मदत’ करणारे मला बऱ्याच ठिकाणी भेटलेत, आणि गंमत म्हणजे मुलग्यांचे हार्नेस त्यांना कधी घट्ट करावेसे वाटत नाहीत. शिकवणाऱ्यानं स्वतःच्या अंगावर हार्नेस घालून दाखवायचा, समोरचीनं आपल्या हातानं पट्टा ओढायचा, बकल नीट बसलंय का ते त्यानं डोळ्यांनी बघायचं. हात लावायची वेळ आलीच तर आधी विचारायचं. चांगले प्रशिक्षक हे न सांगता करतात. तेव्हा ‘या खेळात स्पर्श होणारच’ हे मला ऐकवू नका. पडताना धरायला, स्पॉटिंग करायला, म्हणजे खाली उभं राहून पडणारीला सावरायला, स्पर्श होतो, तो कोणाला खटकत नाही. कुठला स्पर्श कामाचा आणि कुठला नाही, हे प्रत्येक बाईला कळतं. करणाऱ्यालाही कळतं.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत एका नावाजलेल्या क्लाइंबरला 2024 मध्ये जन्मठेप झाली. योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये 2016 साली त्यानं एका तरुणीवर लैंगिक अत्याचार केले होते. आणखी बायकांनी कोर्टात येऊन त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. तो कठीण मार्ग चढत होता, गाइडबुकं लिहीत होता, लोक त्याला मानत होते. बोटांची ताकद हा चारित्र्याचा दाखला नाही, इतकी साधी गोष्ट तिकडेही लोकांना कळायला उशीर लागला.

आपल्याकडे 2013 चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. त्यात ‘कामाचं ठिकाण’ म्हणजे फक्त ऑफिस नाही, क्रीडा संस्था आणि प्रशिक्षणाची जागाही त्यात येते. संस्थेत दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. पण व्हॉट्सअॅपवर जमलेल्या, पैसे गुगल पेवर घेणाऱ्या वीकेंड ग्रुपला ना कार्यालय ना समिती. तिथं निघण्याआधीची चौकशी हाच आपला कायदा. आधी त्याच्याबरोबर गेलेल्या दोन बायकांना फोन करा. ग्रुपमध्ये विचारू नका, तिथं सगळे होकाराचे अंगठे टाकतात. वेगळा फोन करा आणि ‘पुन्हा जाशील का त्याच्याबरोबर?’ एवढंच विचारा. पलीकडे जी शांतता पसरते ती नीट ऐका.

आणखी एक विषय, ज्यावर आमच्या ग्रुपमधले पुरुष लगेच बूट पुसायला लागतात. बायका कातळावर पाणी पीत नाहीत. लघवीला कुठं जायचं, हा प्रश्न असतो म्हणून. काळा बेसॉल्ट उन्हात तव्यासारखा तापतो, त्यात ही सकाळपासून दोन घोट पाण्यावर. मग दुपारी पायात गोळे येतात, डोकं दुखतं, लक्ष उडतं. आणि ही बाई खाली उभी राहून कोणाला तरी बिले देत असते! म्हणजे तिची अडचण सरळ दुसऱ्याच्या जिवाशी येते. बऱ्याच हार्नेसना मागच्या बाजूला मांडीच्या पट्ट्यांची इलॅस्टिक सुटी करायची सोय असते. कमरेचा पट्टा आणि दोर तसाच ठेवून काम होतं. अरुंद कपारीवर उभं असताना जो पार्टनर ‘मी तिकडं बघतो, सावकाश कर’ एवढं बोलून पाठ फिरवतो आणि नंतर त्याचा विनोद करत नाही, त्याला मी दहापैकी दहा देते. पाळीच्या दिवसांतही तेच. पिशवीत जास्तीची कागदी पुडी ठेवणारा एक मित्र आहे आमचा. कोणी मागितलं नव्हतं, कोणाला सांगितलंही नाही.

आता उलट बाजू, म्हणजे बायकांनी पुरुषांना बिले देणं. ‘तू नको, तुझ्यानं मी पेलायचा नाही.’ हे ऐकलं नाही अशी एक तरी क्लाइंबर दाखवा. वजनाचा फरक खरा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पन्नास किलोची बाई खाली आणि ऐंशी किलोचा लीडर पडला, तर ती उचलली जाते आणि पहिल्या बोल्टकडे खेचली जाते, कधी भिंतीवर आपटते. पण याला उपाय आहेत आणि ते फार जुने आहेत. तिला खाली झाडाला किंवा मोठ्या खडकाला मागून बांधून घ्यायचं. भिंतीजवळ उभं राहायचं, उगाच लांब नाही. ग्रिग्रीसारखं दोर आपोआप आवळणारं डिव्हाइस वापरायचं, अर्थात ब्रेकचा हात तरीही दोरावरच. पहिल्या बोल्टला लावून दोराचं घर्षण वाढवणारी साधनंही मिळतात. ‘तुझं वजन कमी आहे, आपण तुला अँकर करू’ म्हणणारा पार्टनर आणि ‘तू नको’ म्हणणारा पार्टनर, दोघांनाही तोच फरक माहीत असतो. पण दुसऱ्याबरोबर दोन वर्षं फिरूनही ती बाई फक्त दोराला लटकून वर जायला शिकते. ना तिला अँकर बांधता येतो, ना दोरावरून उतरायचा रॅपल लावता येतो. सुळक्याच्या माथ्यावर तिला त्या माणसाचं वागणं खटकलं, तरी खाली उतरायची चावी त्याच्याच खिशात.

मला विचाराल तर सुरक्षित पार्टनर शोधण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे. स्वतःला उतरता येणारी बाई वाईट संगतीला कमी सापडते.

मग फक्त बायकांचे ग्रुप करावेत का? करावेत, पण त्याचं कारण नीट समजून घ्यावं. 1929 मध्ये मिरियम ओब्रायन आणि अॅलिस दामेम या दोघींनी आल्प्समधला ग्रेपाँ हा सुळका एकाही पुरुषाशिवाय सर केला. ओब्रायनबाईंचं म्हणणं पुरुषांविरुद्ध नव्हतंच. दोरावर पुरुष असला की अवघड प्रसंगी सूत्रं तोच हातात घेतो, आणि बाईला लीड करण्याची खरी जबाबदारी कधी मिळतच नाही, असं त्या म्हणत. जुन्को ताबेईंनी 1969 मध्ये जपानात बायकांचा क्लब काढला आणि 1975 मध्ये त्या एव्हरेस्टवर पोचल्या. शिकण्यासाठी अशी जागा हवीच. पण बाई आहे म्हणून तिच्या हातातला दोर आपोआप सुरक्षित होत नाही. बिले देताना मागे वळून गप्पा मारणारी मैत्रीणही मी बघितलीय. मी तिच्याबरोबर चहाला जाते, कातळावर जात नाही.

तर सोलापुरात कातळ नसला तरी तयारी करता येते. आम्ही काही जणी एका मैत्रिणीच्या शेतात चिंचेच्या फांदीवरून दोर टाकतो, एका टोकाला वाळूचं पोतं, दुसऱ्या टोकाला बिले देणारी. पोतं वर ओढून अचानक सोडून द्यायचं. पहिल्या झटक्याला बहुतेकींचे पाय जमिनीवरून सुटतात आणि तोंडातून ‘अय्यो’ निघतं. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत ब्रेकचा हात आपोआप खाली जायला लागतो. परवा एका नव्या मुलीचे वडील तिला सोडायला आले होते, बांधावर उभे राहून बघत होते. त्यांनी ना कोणाचं आडनाव विचारलं, ना गाव. म्हणाले, ‘ते पोतं मला द्या, मी धरून बघतो.’

थंडीत बदामीला जायचा बेत आहे. बाया आणि बाप्ये दोघांनाही यायला हरकत नाही, पण आधी पोतं धरून दाखवावं लागेल, आणि ‘खाली घे’ म्हटल्यावर पहिल्या हाकेला खाली घ्यावं लागेल. यायचं असेल त्यांनी इनबॉक्समध्ये वजन आणि कमरेचं माप कळवा. लहान मापाचे दोन हार्नेस जास्तीचे आहेत, मोठा आपला आपण आणायचा.