छापून न आलेली दुरुस्ती

आज दुपारी साताऱ्यातील एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेची परीक्षक म्हणून गेले होते. विषय होता ‘माझा वीर’. एकूण 23 मुले बोलली आणि त्यांतील 9 जणांनी विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांची निवड केली होती. नऊही भाषणांत त्यांच्या मिशा होत्या, चहाचा कप होता आणि वाघा सीमेवरून चालत परत येणे होते. आकाशात त्यांनी काय केले, यावर मात्र दोघेच बोलले. पाच जणांनी सियाचीनचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड निवडले. काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी लढताना गेलेल्या पोगरवाडीच्या कर्नल संतोष महाडिकांवर एकच मुलगा बोलला आणि त्याला मी मनापासून गुण दिले. स्पर्धा संपल्यावर हणमंतप्पांवर फार सुंदर बोललेल्या सहावीतील एका मुलीला मी जवळ बोलावून विचारले, “बाळ, त्या बर्फाखाली आपल्या सातारा जिल्ह्यातला एक जवानही होता, तुला माहीत आहे का?” तिने मान हलवली आणि अगदी निरागसपणे विचारले, “नाही मॅडम. त्यांचा व्हिडिओ आहे का?”

घरी आल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. राग त्या लेकरावर नाही. तिला जे दाखवले गेले, ते तिने पाठ केले.

3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचीनमध्ये 19,600 फूट उंचीवर सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळला आणि 19 मद्रास बटालियनच्या चौकीवरचे 10 जवान गाडले गेले. त्यांतील एक होता सुनील सूर्यवंशी, माण तालुक्यातील मस्करवाडीचा. तो नर्सिंग असिस्टंट होता, म्हणजे त्या उंचीवर कोणाचा श्वास अडला, कोणाची बोटे हिमदंशाने काळी पडली, तर ज्याच्याकडे जायचे तो माणूस. ज्या तालुक्यात प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथील मुलगा बर्फाखाली गेला, हे आजही मनाला पटत नाही. 8 फेब्रुवारीला, सहाव्या दिवशी, 25 फूट बर्फाखालून हणमंतप्पा जिवंत सापडले. साऱ्या देशाने हात जोडले, मीही जोडले. 11 तारखेला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात ते गेले. मात्र ते सापडल्याची बातमी आली त्या क्षणापासून वाहिन्यांच्या लेखी दहाचे एक आणि नऊ झाले. एकाला नाव, गाव, बायको, लहान मुलगी, शेजारी, शाळामास्तर, सगळे मिळाले. उरलेले ‘अन्य नऊ जवान’ झाले. त्यांच्याही घरी चुली विझल्या होत्या. कॅमेरा तेथे अंत्यविधीपुरता गेला आणि लगेच परतला.

जिवंत सापडणे हे वीरत्व आहे का, हा प्रश्न विचारला की लोकांना तो अपमान वाटतो. मला विचारायचा अधिकार आहे असे मी मानते, कारण माझे वडील असेच बर्फातून काढलेले होते.

आबा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. 1983 च्या हिवाळ्यात काश्मीरमध्ये त्यांच्या चौकीवर हिमकडा आला. तिघे गाडले गेले. सुमारे दोन तासांनी आबांना बाहेर काढले, दोघे मात्र गेले. आबा सुट्टीवर कोरेगाव तालुक्यातील आमच्या गावी आले, तेव्हा शाळेच्या पटांगणात त्यांचा सत्कार झाला; शाल, श्रीफळ, हार आणि लेझीम. पुढच्या आठवड्यात एका साप्ताहिकात त्यांचा फोटो आला आणि खाली लिहिले होते की, हवालदारांनी जिवावर उदार होऊन आपल्या सोबत्यांना बर्फातून ओढून काढण्याचा शर्थीचा प्रयत्न केला. मी तेव्हा चौथीत होते. ते कात्रण मी वर्गात नेले आणि साऱ्या मुलींना दाखवले. संध्याकाळी आबांनी ते माझ्याकडून वाचून घेतले, आणि त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या वहीचे एक पान मागितले, त्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिले आणि एसटीने साताऱ्याला त्या साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. दुरुस्ती छापा, असे ते म्हणत होते. तेथील गृहस्थांनी चहा पाजला आणि सांगितले, “हवालदारसाहेब, लोकांना अभिमान वाटतोय, तो कशाला मोडता?” आबा तो कागद तसाच घेऊन परतले. आईला म्हणाले, “अगं, म्या निस्ता पडून व्हतो. हात हालत न्हवता माजा. खणणारं येगळंच व्हतं.”

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकले. कोणी पाहुण्याने कौतुक सुरू केले की आबा उठून गोठ्यात जात.

अभिनंदन यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. त्यांना जे वीरचक्र मिळाले, ते हवाई झुंजीतील कामगिरीसाठी मिळाले, सुटकेसाठी नव्हे. सैन्याला तो फरक कळतो, वाहिन्यांना कळत नाही. पण ते पाकिस्तानच्या हाती सापडले, त्या 27 फेब्रुवारी 2019 च्या सकाळीच काश्मीरमधील बडगाममध्ये आपल्या हवाई दलाचे एमआय-17 हेलिकॉप्टर कोसळले. त्यात सहा हवाई सैनिक आणि जमिनीवरचा एक नागरिक, असे सात जीव गेले. नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे त्यांत होते. आपल्याच क्षेपणास्त्राने ते पाडले गेले, ही मोठी चूक झाली, हे हवाई दलप्रमुखांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे मान्य केले. तेवीस मुलांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हते. मुलांचे सोडा, परीक्षकांच्या खोलीत आम्ही चौघे होतो, त्यांत दोघांना ठाऊक नव्हते! आम्ही शिक्षक! दोन दिवस रात्रंदिवस एकाच माणसाची वाट पाहणाऱ्या त्या पडद्यांवर या सात जणांसाठी जागाच उरली नाही आणि आपण सर्वांनी ते मुकाट्याने चालवून घेतले, कारण सुखरूप परतीची गोष्ट पाहायला बरी वाटते, तर आपल्याच चुकीने गेलेल्यांची गोष्ट घशाखाली उतरत नाही.

असे जगभर होते. 2003 च्या इराक युद्धात जेसिका लिंच नावाची 19 वर्षांची अमेरिकी सैनिक मुलगी नासिरियात पकडली गेली. तिच्या तुकडीची वाहने रस्ता चुकून शहरात शिरली होती. 1 एप्रिलला तिला इराकी रुग्णालयातून सोडवले गेले. सुटकेचे चित्रण सैन्याने स्वतः केले आणि जगाला दाखवले. मग वृत्तपत्रांत आले की ती शेवटच्या गोळीपर्यंत लढली. प्रत्यक्षात तिची बंदूक अडकली होती, तिच्याकडून एकही गोळी सुटली नव्हती आणि तिच्या जखमा वाहनाच्या अपघातातल्या होत्या. ते वाहन चालवणारी तिची मैत्रीण लोरी पिएस्तेवा, दोन लहान मुलांची आई, त्यातल्या जखमांनी गेली. 2007 साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बसून जेसिकाने स्वतः सांगितले की, माझ्याविषयी जे पसरवले गेले ते खरे नव्हते. पुढे स्वतःच्या मुलीच्या नावात तिने लोरीच्या नावातला ‘ॲन’ घेतला.

हे प्रथम वाचले तेव्हा मी कितीतरी वेळ रडले. आबांच्या हातात वहीचे पान होते, तिच्यापुढे संसदेचा ध्वनिक्षेपक होता, एवढाच काय तो फरक. पडून राहिलेल्या माणसाने वीर म्हणवून घ्यायला नकार देणे, हे मला शौर्याचे कृत्य वाटते. त्याला पदक नाही.

प्रसिद्धीने काहीच भले होत नाही, असे म्हणणे खोटे ठरेल, हे मला मान्य करावे लागते. देशाचे डोळे लागलेले असले की पकडलेला जवान लवकर परततो. 1971 च्या युद्धापासून बेपत्ता असलेल्या 54 जणांच्या घरच्यांना विचारा, लोकांचे लक्ष उडून जाण्याचा अर्थ काय असतो. म्हणून बातमी द्यावी, जरूर द्यावी. तिच्यावर हार घालून तिचे खोटे पूजन मांडू नये, इतकेच माझे मागणे आहे.

फेब्रुवारी 2016 मध्ये आबा हयात होते, 65 वर्षांचे. ते सहा दिवस दूरचित्रवाणीपुढून हलले नाहीत. बर्फावर काम करणारे जवान दिसले की ते पुढे सरकून बसत. दीडशेहून अधिक माणसे त्या उंचीवर, जेथे चार पावले चालले तरी धाप लागते, तेथे दगडासारखे झालेले बर्फ कापत होती. डॉट आणि मिशा नावाचे दोन कुत्रे वास घेत फिरत होते. आबा पुन्हा पुन्हा म्हणत, “ही बघ, ही खरी माणसं.” त्यांना बाहेर काढणाऱ्याचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. वरून फावड्याचा आवाज येत होता आणि कोणीतरी धापा टाकत ‘बस, बस, आ गया’ म्हणत होते, एवढेच त्यांना आठवे. तो कोणत्या पलटणीचा, कोणत्या मुलखाचा, काही कळले नाही. हणमंतप्पा सापडल्यावर वाहिनीवर ढोलताशासारखे संगीत सुरू झाले, तेव्हा आबांनी आवाज बंद करायला लावला आणि मला म्हणाले, “मस्करवाडीच्या पोराचं नाव लिहून घे. इसरतील.”

मी लिहून घेतले. आणि खरे सांगते, विसरलेही. आज मुलांची भाषणे ऐकताना ते एकदम आठवले. मग मी कोणत्या तोंडाने वाहिन्यांवर रागावू?

आता थोडी शांत झाले आहे. हणमंतप्पांविषयी कोणाचा गैरसमज नको. कर्नाटकातल्या बेटदूरहून आलेल्या त्या माणसाने सेवेतली बरीच वर्षे खडतर भागांत काढली होती, आणि सोनम चौकीवर उभा राहिला त्याच दिवशी तो वीर होता. बर्फ पडण्याआधी, कॅमेरा येण्याआधी. त्याच अर्थाने बाकीचे नऊही होते. सहा दिवस तग धरणे ही त्याच्या देहाची चिवट झुंज होती, तिला माझा नमस्कार आहे. पण त्या नऊ जणांनी झुंज दिली नाही, हे कोण सांगू शकेल? बर्फाखाली कोण किती वेळ जिवंत होता, कोणी कोणाला हाक मारली, ते पाहायला तेथे कोणी नव्हते.

निघताना मी त्या मुलीच्या वहीत सुनील सूर्यवंशी, मस्करवाडी, तालुका माण, असे लिहून दिले. तिने विचारले, “त्यांनी काय केलं, मॅडम?” मी म्हटले, जवानांची दुखणी पाहायला तो तेथे होता आणि तेथेच राहिला. तिने ते तसेच लिहून घेतले.

घरी येऊन आबांची काळी ट्रंक उघडली. 2019 साली ते गेल्यापासून उघडली नव्हती. सत्काराची शाल घडीसुद्धा न मोडता तशीच आहे. तिच्याखाली कात्रण आहे आणि कात्रणाला टाचणीने लावलेले माझ्या चौथीच्या वहीचे ते पान. पेन्सिल पुसट झाली आहे, पण वाचता येते. त्यात गेलेल्या दोघांची नावे आहेत. त्यांच्या घरच्यांचा शोध घेऊन, त्यांना विचारल्यावाचून ती ओळ मी येथे देत नाही. बाकी मजकूर आबांच्या शब्दांत जसाच्या तसा:

“संपादक साहेब यांस, सप्रेम नमस्कार. आपण माझेविषयी छापलेला मजकूर बरोबर नाही. मी कोणास वाचविले नाही. मी बर्फात पडून होतो. मला दुसऱ्या जवानांनी खणून काढले. त्यांची नावे मला माहीत नाहीत. वारले ते दोघे जण माझे आधी पहाऱ्यावर उभे होते, मी तंबूत होतो. तरी फोटो काढून टाकून त्यांची नावे छापावीत, ही विनंती.”